आज्जी, वाईच डावीकडं

[दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, कणकुंबीजवळची वस्ती. पावसाची झड. गडग्यापाशी छत्री धरून एक आजी, मोबाईल कानाला.]

मलप्रभेचा उगम इथलाच. पाण्याला तोटा नाही, रेंज मात्र शोधावी लागते.

आजीचा मुलगा पुण्याला. आवाज तुटतोय. पडवीतून नातू ओरडतो, "आज्जी, वाईच डावीकडं सरक की!" आजी वीतभर सरकते. आवाज लागतो.

[दृश्य: डोंगर, ओली झाडी, कौलं, गोठ्याचा पत्रा.]

नातवाचं बरोबर आहे. टॉवरची लहर एकाच वाटेनं येत नाही. डोंगराला, झाडांना, पत्र्याला आपटून अनेक वाटांनी येते. कुठं या लहरी एकमेकींना जोर देतात, कुठं एकमेकींना मारतात. १८०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी जेमतेम १७ सेंटीमीटर, वितीपेक्षाही कमी. म्हणून वीतभर सरकलं तरी नशीब पालटतं.

मग फोनलाच एकमेकींपासून लांब अशा दोन अँटेना लावाव्यात? स्वस्त, चिमुकल्या फोनला ते परवडत नव्हतं. टॉवरवर दोन लावल्या तर? पण दोन्हींनी एकाच वेळी तेच पाठवलं, तर त्यांच्याही लहरी कुठं ना कुठं एकमेकींना मारणारच.

[दृश्य: पाटीवर खडूनं दोन अक्षरं, अ आणि ब.]

१९९८ साली सियावश अलामौटी या अभियंत्यानं आठ पानांच्या निबंधात तोड सुचवली. पाठवायची आहेत 'अ' आणि 'ब' ही दोन अक्षरं, प्रत्यक्षात दोन आकडे. पहिल्या क्षणी टॉवरची पहिली अँटेना 'अ' पाठवते, दुसरी 'ब'. पुढच्या क्षणी अदलाबदल: पहिली 'ब' पाठवते, पण आरशातला (गणितात याला 'संयुग्मी' म्हणतात) आणि चिन्ह उलटं केलेला, दुसरी 'अ', आरशातला. बस्स, एवढंच.

फोनला दोन क्षणांत दोन मिसळलेल्या बेरजा मिळतात. दहावीतली दोन चलांची समीकरणं आठवा. चिन्हं अशी बेतलेली आहेत की 'अ' सोडवताना 'ब' पुरता कटतो, आणि दोन्ही वाटांचा जोर 'अ'च्या पाठीशी एकवटतो. एक वाट बुजली तरी दुसरी आहे. वेळही वाया जात नाही: दोन क्षणांत दोन अक्षरं पोचतात. अट इतकीच, की त्या दोन क्षणांत वाटा बदलता कामा नयेत. वाटा कशा आहेत ते फोन टॉवरच्या ठरलेल्या, ओळखीच्या संकेतांवरून ताडतो.

मला यातली खरी गंमत पुढं वाटते. तिसरी अँटेना जोडली की हा सुबक हिशेब मोडतो. तीन किंवा चार अँटेनांना या पद्धतीनं जास्तीत जास्त पाऊण वेग मिळतो, म्हणजे चार क्षणांत तीन अक्षरं. म्हणून गणिती दुसऱ्या वाटा धुंडाळू लागले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले बी. सुंदर राजन आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली भागाकार-बीजगणितातून (शून्य सोडून कशानंही भागता येतं अशा गणिती रचनेतून) पूर्ण वेगाचे कोड, म्हणजे अक्षरं पाठवण्याच्या रीती, रचले.

[दृश्य: टेकडीवरचा टॉवर, धुक्यात.]

फोर-जीमध्ये हीच अदलाबदल दोन क्षणांऐवजी शेजारच्या दोन फ्रिक्वेन्सींवर होते. आडोशानं लहर पोचतच नसेल, तर मात्र कुठलाही कोड कामाचा नाही. तिथं टॉवरच उभारावा लागतो.

[दृश्य: आजी फोन ठेवते, पदरानं पुसते.]

नातू विचारतो, "काय म्हणत होता गं काका?"

"काय न्हाई. पाऊस हाय काय म्हणून विचारत होता."