कुठल्या स्टेशनला उतरायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा भाचा आणि त्याची बायको घरी आले. लग्नाला तीन वर्षं झालीत, मुलगी सहा महिन्यांची आहे, आणि ठाण्यातल्या भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपत आलाय. चहा यायच्या आधीच भाच्यानं वही उघडली. डाव्या बाजूला स्टेशनांची नावं होती: मुलुंड, डोंबिवली, बदलापूर, वसई. पुढे रकाने: भाव, लोकलला लागणारा वेळ, शाळा, हॉस्पिटल. म्हणाला, "मावशी, तू इतकी वर्षं डोंबिवलीत काढलीस. सांग, घर कुठं घेऊ?"

त्याची बायको वहीकडे बघत नव्हती. तिनं विचारलं, "मावशी, पोरीला तिथं परकं तर नाही ना वाटणार?"

ह्या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता. आज मला त्या रकान्याबद्दलच बोलायचंय.

भाच्याची बायको, म्हणजे आमची सून, वसईची. सामवेदी ख्रिस्ती घरातली. माहेरी कादोडी बोलतात, चर्चमध्ये प्रार्थना मराठीतून होते, आजीचं लाल लुगडं अजून कपाटात जपून ठेवलेलं आहे. एका ठिकाणी एजंटनं फोनवर फ्लॅट दाखवायचं कबूल केलं, वेळही दिली. मग नावं लिहून घेताना तिचं माहेरचं आडनाव ऐकलं आणि अर्ध्या तासात निरोप आला, "सॉरी, तो फ्लॅट कालच गेला." दुसऱ्यानं सरळच विचारलं, "घरात मासे-मटण शिजतं का?" तिनं हे सांगितलं तेव्हा भाचा वहीत बघत गप्प बसला होता. मला मात्र माझ्याच घराच्या भिंती एकदम जवळ आल्यासारख्या वाटल्या. त्याचं कारण पुढे सांगते.

मी 2003 साली लालबागच्या चाळीतून डोंबिवली पूर्वेला आले. कडेवर एक वर्षाची मुलगी. का आले, तर दोन कारणं. लालबागच्या पैशात इथं एक खोली जास्त मिळत होती. आणि दुसरं, सगळे सांगायचे, "तिथं आपली माणसं आहेत." हे वाक्य तेव्हा मला उबदार वाटलं होतं, आणि त्यातलं बरंचसं खरंही निघालं.

दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नवे कपडे घालून उभी असलेली पोरं तुम्ही पाहिली असतील. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, जी आज महाराष्ट्रभर आणि महाराष्ट्राबाहेरही निघते, ती 1999 साली इथल्याच गणेश मंदिर संस्थानानं सुरू केली. 2017 च्या फेब्रुवारीत नव्वदावं मराठी साहित्य संमेलन इथं भरलं, तेव्हा माझी मुलगी शाळेच्या मैत्रिणींबरोबर ग्रंथदिंडीत चालली. गाण्याचा क्लास खालच्या मजल्यावर, वाचनालय दोन गल्ल्या पलीकडे. मी कामावरून यायला उशीर झाला तर शेजारच्या काकू तिला वरणभात भरवायच्या आणि शुभंकरोतीही म्हणून घ्यायच्या. पोर वाढवायला याहून जास्त काय लागतं, असं मला खूप वर्षं वाटत होतं.

भाच्याला मी पहिली गोष्ट हीच सांगितली. जागा बघायला जाशील तेव्हा तिथल्या लोकांनी स्वतःच्या वेळातून काय उभं केलंय ते बघ. बिल्डरनं बांधलेलं क्लबहाउस वेगळं, आणि लोकांनी वर्गणी काढून चालवलेलं वाचनालय वेगळं. पार्ल्याचं उदाहरण घ्या. लोकमान्य 1920 साली गेले. पुढच्याच वर्षी पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं आणि 1923 साली लोकमान्य सेवा संघ. त्या माणसांच्या घरांना पुरतं पाणीही नसेल तेव्हा, पण शाळा आधी काढली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं आहे. रेल्वे कल्याणला पोचून तेव्हा दहा वर्षं झाली होती. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. आपण ज्याला उपनगराचं वळण म्हणतो ते अशा ठिकाणी पडतं. संध्याकाळी सातला त्या वाचनालयात जाऊन बसा. कोण येतं, किती वयाचं येतं, आणि नव्या माणसाला 'या, बसा' कोण म्हणतं, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

आता राजकारण. आकाशवाणीवरून मी कुठल्या पक्षाचं नाव घेणार नाही आणि त्याची गरजही नाही. उपनगरात राजकारण म्हणजे नळाला पाणी किती वाजता येतं, गटार कुणाच्या दारात फुटतं आणि आपण फोन केला तर तो उचलतं कोण. आमच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची निवडणूक 2015 साली झाली. त्या नगरसेवकांची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली. त्यानंतर थेट 2026 च्या जानेवारीत मतदान झालं. मधली पाच वर्षं प्रशासक. माझी मुलगी 2020 साली अठरा वर्षांची झाली, तिला महापालिकेसाठी पहिलं मत द्यायला तेवीस वर्षं पूर्ण व्हावी लागली. ह्या पाच वर्षांत कोविड आला, रस्ते खोदले गेले, करोडोंची कामं निघाली, आणि आमच्या वॉर्डातून एकही माणूस सभागृहात नव्हता. सकाळी चालायला येणाऱ्या आजोबांनी मला एकदा विचारलं, "बाई, तक्रार कुणाकडे करायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आमच्या महापालिकेत एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक असतात. घर घेण्याआधी त्या चौघांची नावं तिथल्या रहिवाशांना विचारा. वाण्याला विचारा, रिक्षावाल्याला विचारा. चारांतल्या दोघांची नावं जरी पटकन सांगितली गेली, तरी समजा की तिथं बोलणं चालू आहे.

कारण हे बोलणं बंद पडलं की काय होतं ते आम्ही पाहिलंय. महापालिकेच्या परवानगीचे बनावट कागद दाखवून महारेराची, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती आमच्या भागात उभ्या राहिल्या. लोकांनी कर्ज काढून, दागिने मोडून त्यांत घरं घेतली. 2024 च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडायचा आदेश दिला. महारेराचा नंबर बघून निर्धास्त झालेली ती माणसं होती, माझ्यासारखीच, तुमच्यासारखीच. म्हणून भाच्याला म्हटलं, नुसता नंबर बघू नकोस. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेत जाऊन स्वतः ताडून बघ, एक दिवस रजा पडली तरी चालेल. आणि नकाशावर आजूबाजूला काय आहे तेही बघ. आमच्या एमआयडीसीत 2016 च्या मे महिन्यात स्फोट झाला, पुन्हा 2024 च्या मे महिन्यात झाला. दोन्ही वेळा माणसं गेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. कारखाने आधीचे, की घरं आधीची, हा वाद आजही चालतो. दोघांना एकमेकांच्या इतकं जवळ येऊ कुणी दिलं, हा प्रश्न मात्र सभेत क्वचितच कुणी उभा करतं.

एवढं सगळं मी न थांबता बोलले. मग सून म्हणाली, "मावशी, पण तुमच्या बिल्डिंगमध्ये आम्हांला घेतील का?"

श्रोतेहो, मी मघाशी भिंतींबद्दल बोलले ते ह्यासाठी.

डोंबिवलीहून मुंबईला जाणारी धीमी लोकल कोपर, दिवा आणि मग मुंब्र्याला थांबते. लेडीज डब्यात माझ्या बाकावर रोज एक बाई मुंब्र्याला चढायची. मी सरकून तिला चौथी सीट द्यायची. ती शाळेत गणित शिकवायची. गाव खेडकडचं, बोलताना 'गो' आपसूक यायचं. तिचे वडील पूर्वी मुंबईत मिश्र वस्तीत राहायचे. 1992-93 च्या दंगलींनंतर अशी हजारो मुस्लिम कुटुंबं जीव मुठीत धरून मुंब्र्याला आली, त्यांतलं एक तिचं. आपल्याकडच्या सगळ्याच उपनगरांत लोक स्वस्त खोलीसाठी आले नाहीत. काही भीतीनं आले, आणि ती भीती अजून तिथंच राहते. आम्ही दोघी भाजी निवडायचो, मुलांच्या मार्कांवर बोलायचो. 2011 साली तिला मुलाला मराठी माध्यमाच्या शाळेत घालायचं होतं आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट विकायला निघाला होता. मीच तिला सांगितलं. मीच घर दाखवायला नेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, ते बघून ती किती वेळ उभी होती.

मग सोसायटीची मीटिंग झाली. कुणी 'नको' म्हटलं नाही, कुणाच्या धर्माचं नाव निघालं नाही. एक जण म्हणाले, "इथलं वातावरण आपण जपलंय." दुसरे म्हणाले, "पुढच्या मीटिंगमध्ये बघू." विकणाऱ्याला घाई होती, त्यानं दुसरं गिऱ्हाईक शोधलं. आणि मी त्या सतरंजीवर बसून होते. एक शब्द बोलले नाही. ज्या काकूंनी माझ्या मुलीला वरणभात भरवला त्याही तिथंच होत्या, आणि त्यांच्यासमोर मला तोंड उघडवलं नाही. आपली माणसं, आपली माणसं म्हणताना आपण काय गहाण टाकतो ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत चढली. मी सरकले. ती बसली, डब्यातून खारवलेली आवळ्याची फोड काढून मला दिली. त्या घराचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. आम्ही पुढे नऊ वर्षं एका बाकावरून प्रवास केला.

सहकारी संस्थांचा कायदा मी नंतर वाचला. महाराष्ट्राच्या 1960 च्या अधिनियमाचं कलम 23 सांगतं की पुरेशा कारणाशिवाय कुणाला सभासदत्व नाकारता येत नाही. आडनाव आणि ताटातला मासा ही माझ्या मते पुरेशी कारणं नाहीत. पण कायदा पुस्तकात असतो आणि मीटिंग सतरंजीवर होते. तिथं एका माणसानं वेळेवर बोलावं लागतं.

माझी मुलगी दहावीत असताना मैत्रिणींना राखी पौर्णिमेची पत्रिका लिहीत होती. लिहिता लिहिता म्हणाली, "आई, आपल्या बिल्डिंगमधली आडनावं मी पाठ म्हणू शकते, सगळी एका पुस्तकातली वाटतात." तिनं ते सहज म्हटलं. पुढे कॉलेजात पहिल्या वर्षी नव्या माणसांशी बोलताना ती किती अवघडायची ते मी पाहिलंय. ऊब आम्ही तिला भरपूर दिली. पण एका बाकावर सरकून बसायचं असतं, हे तिला गाडीत शिकावं लागलं, घराजवळ नाही.

दोन रविवार मी त्या दोघांबरोबर फिरले. वसईला गेलो तेव्हा सून एकदम वेगळी झाली. तिथं विहिरी आणि हिरवी वाडी वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर. ते सगळं ती घरातली गोष्ट सांगावी तसं सांगत होती. 2009 साली महापालिका झाली तेव्हा गावांनी ती नको म्हणून केलेला विरोधही तिला आठवत होता. तिला वाढवणाऱ्या गावानं तिला भांडायलाही शिकवलंय, हे मला फार आवडलं. पण भाच्याची नोकरी भांडुपला. वसईहून रोज दादरला गाडी बदलून जायचं म्हणजे मुलगी झोपल्यावरच बाप घरी येणार. 2025 च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं लोकलमधून पडली, ते कळल्यापासून गर्दीचा प्रवास हा आमच्या घरात नुसता वेळेचा प्रश्न राहिलेला नाही.

परतताना सून म्हणाली, "मावशी, मला तुमची डोंबिवली आवडलीय. ते वाचनालय, तो फडके रोड. माझ्या पोरीनं पाडव्याच्या यात्रेत चालावं आणि नाताळात आमच्या दारावर चांदणी लागावी. दोन्ही एका घरात होईल का, एवढंच बघायचंय."

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट सध्या विक्रीला आहे. भाच्यानं मालकाशी बोलणं केलंय आणि सोसायटीकडे अर्ज दिलाय. मी गाडीतल्या माझ्या मैत्रिणीला फोन केला. तिची ही गोष्ट रेडिओवर सांगू का, विचारलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांग गो. आणि मीटिंगमध्ये पण सांग."

मीटिंग येत्या रविवारी सकाळी साडेदहाला आहे, गच्चीवर. बोलायला पहिलं नाव मी माझं दिलंय.

नमस्कार.