जंतूंची गणपूर्ती

श्रोतेहो, नमस्कार.

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की बातम्यांमधून एक शब्द कानावर पडतो, गणपूर्ती. २८८ सदस्यांच्या विधानसभेत निदान २९ जण हजर नसतील तर कामकाज चालत नाही. जंतूंमध्येही असाच नियम चालतो. मी औषधनिर्माण महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं माझं काम याच नियमाभोवती फिरतं आहे. या कामाकडे मला आणलं ते माझ्या बाबांच्या पायाच्या जखमेनं.

बाबांचा मधुमेह जुना. नवीन चप्पल चावली, एवढंच निमित्त झालं. पंधरा दिवसांत पट्टीवर हिरवट डाग दिसू लागले आणि ड्रेसिंग सोडलं की द्राक्षांसारखा गोडसर वास यायचा. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूची ही ओळखीची खूण. कल्चरचा रिपोर्ट आला. काही औषधांपुढे ‘आर’ होतं, म्हणजे जंतू त्यांना दाद देत नाही. दोन औषधांपुढे ‘एस’ होतं, म्हणजे त्यांनी तो मरायला हवा. त्यातलं एक सलाइनमधून दहा दिवस दिलं. जखम होती तशीच राहिली.

रिपोर्ट खोटा नव्हता. प्रयोगशाळेतल्या नळीत जंतू सुटे तरंगत असतात, जखमेत ते सुटे राहत नाहीत. माठ बरेच दिवस घासला नाही तर आतून बोटाला जो बुळबुळीत थर लागतो, तसाच थर ते स्वतःभोवती विणतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. या थरात बसलेला जंतू औषधाची एरवीपेक्षा कित्येक पट, कधी शंभर तर कधी हजार पट मात्राही पचवतो. शेवटी शल्यविशारदांनी तो थर खरवडून काढला, तेव्हा जखम भरू लागली. तोवर पायाचं एक बोट गेलं होतं.

थर विणायला घ्यायची वेळ झाली, हे जंतूला कसं कळतं? इथेच गणपूर्ती येते.

याचा पहिला धागा समुद्रात सापडला. व्हिब्रिओ फिशेरी नावाचा एक प्रकाशणारा जंतू आहे. मोकळ्या पाण्यात एकेकटा फिरताना तो अंधाराच असतो. हवाई बेटांजवळच्या एका छोट्या माकुळाच्या अंगातल्या पिशवीत मात्र त्याची दाटी होते, आणि मग तो उजळतो. १९७० साली अमेरिकेत नील्सन, हेस्टिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हे जंतू स्वतःच एक पदार्थ पाण्यात सोडतात आणि तो पुरेसा साठला की प्रकाशाची यंत्रणा सुरू होते. १९८१ मध्ये त्या रेणूची रचना उलगडली. ‘कोरम सेन्सिंग’, म्हणजे गणपूर्तीची चाहूल, हे नाव १९९४ चं.

संक्रांतीच्या आधी एका घरात तीळ भाजले तर वास त्या घरापुरता राहतो. घरोघरी भाजू लागले की गल्लीच्या तोंडाशीच कळतं. जंतूही आपल्यासारखे किती आहेत हे असंच ओळखतो. आजूबाजूला निरोपाचे रेणू दाट झाले की ते पेशीतल्या एका प्रथिनात जाऊन बसतात, ते प्रथिन डीएनएला चिकटतं आणि झोपलेली जनुकं जागी होतात. स्यूडोमोनास तोवर आपली बरीचशी विषं राखून ठेवतो. एकट्यानं हल्ला केला तर शरीराच्या पांढऱ्या पेशी त्याला सहज गाठतील.

मग ही हजेरीच लागू दिली नाही तर? जंतू मारायचा नाही, त्याला त्याच्या सोबत्यांचा निरोप पोहोचू द्यायचा नाही. मला ही कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा झोप आली नव्हती.

हा निरोपाचा रेणू दिसायला साधा आहे. डोक्याकडे पाच कोनांचं लॅक्टोनचं कडं, मागे कार्बनची शेपटी. फिशेरीच्या शेपटीत सहा कार्बन, स्यूडोमोनासच्या एका मुख्य रेणूत बारा. प्रथिन शेपटीची लांबी नेमकी ओळखतं, म्हणून एका जातीचा निरोप दुसरीला सहसा कळत नाही. आम्हाला असा रेणू घडवायचा असतो, जो त्या प्रथिनाच्या खुर्चीवर जाऊन बसेल, खरा निरोप येईल तेव्हा जागा अडवून ठेवेल, पण स्वतः हजेरी लावणार नाही.

सांगायला हे सोपं आहे. मूळचं कडं किंचित अल्कधर्मी पाण्यातही काही तासांत उघडतं आणि रेणू निकामी होतो. म्हणून कड्यातल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक घालतात, त्यानं ते जास्त टिकतं. शेपटीच्या टोकाला बेंझीनचं कडं जोडून त्यावर ब्रोमिन लावला, तर तो कोणत्या कोपऱ्यावर लागला यावर सगळं अवलंबून असतं. एका जागी तो रेणू निरोप अडवतो, शेजारच्या जागी लावला तर उलट निरोप पोहोचवूही शकतो. २०१३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात बॉनी बॅसलर यांच्या गटानं असाच एक ब्रोमिनवाला गंधकी रेणू तयार केला. त्यानं स्यूडोमोनासची बायोफिल्म रोखली आणि त्या जंतूमुळे मरणाऱ्या सूक्ष्म कृमींना वाचवलं.

निसर्गानं हे आपल्या आधी केलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं डेलिसिया पुल्क्रा हे लाल शेवाळ फ्युरॅनोन नावाचे रेणू सोडून आपल्या अंगावर जंतूंचा थर धरू देत नाही. ते रेणू आपल्या पेशींनाही बाधतात, म्हणून त्यांचं तसंच औषध झालं नाही.

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे. तो संख्येनं कमी असताना चिकटतो आणि विष सोडतो. दाटी झाली की सगळं थांबवून आतड्यातून बाहेर पडतो. तिथे निरोप अडवला तर रोगालाच मदत होईल, तिथे निरोप वाढवावा लागेल. प्रत्येक जंतूचा स्वभाव वेगळा अभ्यासावा लागतो तो यासाठी.

आमच्या प्रयोगशाळेत मोठी यंत्रं नाहीत, पण एक जंतू आहे, क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलॅसियम. गणपूर्ती झाली की तो पिकल्या जांभळाच्या रंगाचा होतो. त्याच्या थाळीवर नव्या रेणूत भिजवलेली कागदाची चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. चकतीभोवती आरपार दिसणारं वर्तुळ आलं तर जंतू मेले, म्हणजे आम्हाला हवं ते झालं नाही. वर्तुळ दुधाळ आलं तर जंतू जिवंत आहेत, वाढतही आहेत, फक्त रंग नाही. त्यांना एकमेकांची चाहूल लागलेली नाही.

या रेणूंनी प्रतिजैविकांची गरज संपेल असं मी म्हणणार नाही. जंतू जगतो, म्हणून प्रतिकार घडवण्याची त्याला घाई नसेल, अशी आशा होती. पण स्यूडोमोनास असे रेणू पेशीतून बाहेर उपसून टाकायला शिकतो, हेही दिसलं आहे. दीर्घ आजाराच्या रुग्णांमध्ये त्याचं ते खुर्चीचं प्रथिनच कधी कधी मोडलेलं आढळतं. तिथे आमचा रेणू बसणार कुठे? माझा विश्वास जोडीवर आहे. रेणूनं थर विणू द्यायचा नाही आणि उघड्या पडलेल्या जंतूवर जुनं औषध चालवायचं. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. अशा वेळी जुन्या औषधाची धार परत मिळाली तरी ते मोठं काम आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचे पुतळे मिरवत नेऊन जाळतात. यंदा त्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले होते. रस्त्यावरून ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्या येत होत्या. माझ्या एका विद्यार्थिनीनं थाळी उजेडात धरली. अकराव्या रेणूभोवती बारीकसं दुधाळ वर्तुळ होतं. ती मोजपट्टी शोधायला धावली.

आता तो रेणू आम्ही ड्रेसिंगच्या गॉजवर वाळवून पाहतो आहोत. पाण्यात तो नीट विरघळत नाही, शेपटी जरा लांब झाली आहे. दोन कार्बन कमी करून पुन्हा बनवायला घेतला आहे.