हर्णैच्या वाळूतली होडी

पहाट, सूर्योदयाच्या थोडं आधी. हर्णै बंदर, तालुका दापोली.

कोकणात सूर्य समुद्रातून उगवत नाही, डोंगराआडून वर येतो. म्हणून किनारा बराच वेळ सावलीतच राहतो. पण आत्ता पश्चिमेकडे बघा. क्षितिजाला टेकून निळसर करडा पट्टा, त्याच्यावर फिकट गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. तिच्यासमोर समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा तट. आणि तटाच्या अलीकडे, ओल्या वाळूत एका कुशीवर कललेली ही लाकडी होडी.

हा उजेड थोडी मिनिटंच टिकतो. बहुतेक जण इथे कॅमेरा घेऊन सूर्यास्ताला येतात. तेव्हा ऊन होडीच्या पाठीमागून येतं आणि ती नुसती काळी आकृती होते. चित्र छान निघतं, पण मग ती कुठलीही होडी असू शकते. आम्हाला हीच हवी आहे.

जवळ या. रंग सुटलाय तिथे बघा. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तांबडा. 1 जूनला मासेमारी बंदी सुरू होते, होड्या वर ओढल्या जातात, डागडुजी होते, आणि नारळी पुनवेच्या सुमारास पुन्हा पाण्यात जाताना अंगावर नवा रंग असतो. या पापुद्र्यांत कितीतरी हंगाम एकमेकांवर बसलेत. फळ्यांच्या फटी बुजवायला भरलेला कापूस बाहेर डोकावतोय. लाकूड उन्हात आकसतं, फटी उघडतात. पाण्यात गेलं की फुगतं, फटी मिटतात. या होडीच्या फटी आता मिटत नाहीत. तिच्या पलीकडे नांगरलेल्या नव्या होड्या फायबरच्या आहेत. त्यांना कापूस लागत नाही, तेल लागत नाही. रोज समुद्रावर जाणाऱ्या माणसाने फायबर निवडलं, यात त्याचं काहीच चुकलं नाही.

पाणी होडीला नेमकं कधी लागेल, हे कोळी तिथीवरून सांगतात. अमावास्या-पौर्णिमेला पहाटे इथे पाणी लांब गेलेलं असतं. अष्टमीच्या आसपास पहाटे भरती मिळते. म्हणून आम्ही पंधरवड्यातले दोन-तीनच दिवस इथे येतो.

लेन्सवर गडद फिल्टर चढवलाय. सेकंदाच्या तिसाव्या भागात निघणारा फोटो आता अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेतो. तेवढ्यात लाटा विरून धुक्यासारख्या होतात. तरंगणारी होडी असती तर तीही पुसट झाली असती. ही वाळूत रुतलेली आहे, म्हणून तिचा एकेक खिळा स्पष्ट येतो.

जुलै 2025 मध्ये सुवर्णदुर्ग जागतिक वारसा यादीत गेला. त्याची छायाचित्रं आता आणखी निघतील, घराघरांत लागतील. त्यांत होडी नुसती कोपरा भरण्यापुरती राहू नये, असं मला फार वाटतं.

आता हा फोटो छापून भिंतीवर लावण्याविषयी. 24 मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे 6000 ठिपके असतात. इंचाला 300 धरले तर 20 इंचांची छपाई होते. सोफ्यामागे 40 इंच हवं असेल तर इंचाला 150 उरतात, आणि समोरच्या खुर्चीतून ते डोळ्याला पुरतात. कॅनव्हासवर मात्र ही होडी छापू नका. त्याच्या विणीत रंगाचे पापुद्रे आणि खिळे हरवून जातात. सुती लगद्याचा, चकाकी नसलेला कागद घ्या. मुंबईत किंवा कोकणात फ्रेम ओल येणाऱ्या भिंतीला लावू नका आणि मागे हवा खेळायला बोटभर जागा सोडा. नाहीतर दोन पावसाळ्यांत बुरशी धरते.

पहिली प्रत आम्ही होडीच्या मालकांकडे नेली. फोटो काढण्याआधी त्यांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "काढा की, तिच्यात आता काय उरलंय!" काकांनी चित्र उजेडाकडे धरलं. किल्ला पाहिला नाही, गुलाबी आभाळ पाहिलं नाही. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागे बोट फिरवत नेलं आणि एका फळीवर थांबले. आम्हाला ती बाकीच्यांसारखीच दिसत होती.

"ही मी बदलली," ते म्हणाले. "बाकीच्या बाबांच्या वेळच्या."