बेळगावकडची घरं ओळखायची कशी? आधी छप्पर बघा

नमस्कार मंडळी. जुनं घर दिसलं की आपण पहिल्यांदा दरवाजाचं नक्षीकाम बघतो, फोटो काढतो, झालं. पण घर कुठल्या पद्धतीचं हे कळायचं असेल तर आधी छप्पर बघा, कारण आपल्या भागात घराचा आकार ठरवलाय तो पावसानं. खानापूर तालुक्यात कणकुंबीकडं वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणीला 600 च्या आतबाहेर, मग घरं एकसारखी कशी असणार?

खानापूर तालुक्यातल्याच जांबोटीकडचं घर बघा. छपराला उतार भरपूर, वळचण इतकी खाली आलेली की पडवीत जाताना वाकावं लागतं, ते सगळं भिंत भिजू नये म्हणून. भिंत लालसर, भोकाभोकाची, म्हणजे जांभा दगड. हा दगड खाणीत असतो तेव्हा मऊ, हत्यारानं सरळ चिरे पाडता येतात, आणि बाहेर काढून वारा-ऊन लागलं की टणक होत जातो. त्यामुळं पुष्कळ घरांना बाहेरून गिलावा केलेलाच नाही, चिऱ्यांचे सांधे तेवढे दिसतात, आणि आम्हाला विचाराल तर ते तसंच सुंदर दिसतं, वरून रंग फासू नका.

आता पूर्वेला या, रायबाग, अथणी. इथं छप्पर सपाट. हे धाब्याचं घर, कोण माळवद म्हणतात. खाली लाकडी तुळया, वर काटक्या नाहीतर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, भिंती जाडजूड, खिडक्या बारक्या, एप्रिलच्या उन्हात आत गेलं की एकदम गार वाटतं. उजेडासाठी छपरातच एक भोक ठेवलेलं असतं, ते साणं. वर शेंगा, मिरच्या वाळत घालायच्या, रात्री अंथरूण टाकून झोपायचं, आणि पावसाआधी गळकी जागा शोधून नवी माती टाकून चोपायची.

बेळगाव शहरात आलात की गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्ली, इथं घराचं तोंड अरुंद आणि आत मात्र लांबच लांब. रस्त्याला लागून कट्टा, मग सोपा म्हणजे पुढची बसाउठायची जागा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मागं परडं आणि तिथं विहीर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि घर केवढं हे जुने लोक खणावरच सांगतात, स्क्वेअर फुटात नाही. खाली दुकान झालं, शटर लागलं, बोर्ड लागला, तरी वर माडीचा लाकडी कठडा शिल्लक असतो, म्हणून या गल्ल्यांत पहिल्या मजल्याकडं बघत चालायचं.

बेळगावातलंच शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. तिथं, आणि वडगाव, खासबागला विणकरांची घरं बघा. पुढच्या खोलीत उजेडाला धरून माग, जुना असेल तर खड्ड्याचा, विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. घर आणि कारखाना एकाच छपराखाली, आणि सगळ्यात चांगली जागा माणसांना नाही, मागाला.

कॅम्पात मात्र सगळं उलटं. इंग्रजांनी 1818 मध्ये किल्ला घेतला, पुढं छावणी बसली, आणि मोठ्या कंपाउंडच्या मध्ये बंगला, चारी बाजूला व्हरांडा, उंच सिलिंग अशी घरं आली. गल्लीतलं घर रस्त्याला चिकटलेलं, हे रस्त्यापासून लांब. ठळकवाडी म्हणजे आताची टिळकवाडी, जिथं 1924 चं काँग्रेस अधिवेशन झालं, तिथं आणि हिंदवाडीला काही बंगल्यांचे कोपरे गोल वळवलेले दिसतील, खिडक्यांवर आडव्या पट्ट्या, ग्रिलमध्ये उगवता सूर्य, ती आर्ट डेको पद्धत. अशा घरावर पुष्कळदा वरच साल कोरलेलं असतं, ते नक्की वाचा.

आणि कौलं. नळीची कौलं म्हणजे कुंभाराच्या हातची, अर्धगोल. चपटी, एकमेकांत अडकणारी ती मंगलोरी. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळूरला 1865 मध्ये त्यांचा कारखाना काढला आणि मग ती सगळीकडं पसरली. मंगलोरी कौल उलटं केलं की खालच्या बाजूला कारखान्याचं नाव आणि कधी शिक्का दिसतो. त्यावर 1865 असेल तर घर तेव्हाचं समजू नका हं, ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल कितीतरी नंतरचं असू शकतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकातली स्लॅबची घरं लगेच ओळखू येतात, मोझॅकची फरशी, जिन्याला सिमेंटची जाळी. अपार्टमेंटबद्दल काय सांगायचं, ती सगळीकडं सारखीच.

जुनी घरं मात्र भराभर पडतायत आणि आम्हाला ते मनापासून लागतं. तुमच्या गल्लीत एखादं घर उतरवणार असतील तर मालकांना विचारून आधी आत जा. खण मोजा, कुठल्या खोलीतून कुठं वाट जाते त्याचा साधा नकाशा काढा, तुळया-खांबांचे जोड जवळून शूट करा, आणि घरातल्या आजीला कुठली खोली कशासाठी होती ते विचारून रेकॉर्ड करा. लाकूड एकदा जुन्या बाजारात गेलं की कुठला खांब कुठं होता हे कोणालाच सांगता येत नाही.