फक्त आपल्याला दिसणारं बटण

(मागांची खटखट. जकार्डवर फिरणारी कार्डांची माळ, खालून वर.)

सोलापूर, अक्कलकोट रोड. यंत्रमागाचा कारखाना. या आवाजाची कानाला सवय व्हायला आम्हाला अर्धा दिवस लागला.

मागाच्या वर बसवलेलं, नक्षी पाडणारं जकार्ड बघा. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं आहेत. भोक आलं की हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी अशी उमटते. सॉफ्टवेअरही असंच हो-नाहीवर चालतं, म्हणून त्याची गोष्ट सांगताना जकार्ड दाखवायचा मोह सगळ्यांनाच होतो, आम्हालाही झाला. पण आपलं काम आहे कोपऱ्यातल्या त्या शेवटच्या मागाशी.

(कोपऱ्यातला माग. कारागीर धागा जोडतोय.)

बाकीच्या मागांवर ऑर्डरीचा माल निघतोय. या एकावर नव्या डिझाइनचा नमुना. रंग बसला नाही, की थांबवायचं, बदलायचं, पुन्हा चालू करायचं. व्यापाऱ्याच्या हातात यातलं काही पडत नाही.

(लोखंडी जिना. वरची खोली. लॅपटॉप, शेजारी शेंगाचटणीची बरणी.)

वरच्या खोलीत याच कारखान्याची वेबसाइट सांभाळली जाते. सांभाळणारी मुलगी कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हती, त्यामुळे तिचे हात आणि स्क्रीन तेवढी दिसेल. तिच्या वर्गातली बरीच मुलं हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेली. ही इथंच राहिली.

मोठ्या कंपन्या चाचणीसाठी वेबसाइटची दुसरी प्रत वेगळी ठेवतात. तिला स्टेजिंग म्हणतात. इथं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, एकच, आणि दुकान चोवीस तास उघडं. म्हणजे चालू साइटवरच एक कोपऱ्यातला माग लावायचा: नवं बटण आधी फक्त तिला दिसावं, गिऱ्हाइकाला नाही.

(स्क्रीन. कर्सर एका ओळीवर थांबतो.)

हा तो माग. एक 'जर'. बघणारा डेव्हलपर, म्हणजे साइटचा कोड लिहिणारा, असेल तर नवा कोड चालव, नसेल तर जुनाच. अडचण एवढीच, की डेव्हलपर ओळखायचा कसा?

आधी तिनं आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या आकडी पत्त्यावरून, ओळखायचं ठरवलं. खोलीतल्या वायफायचा आयपी कोडमध्ये लिहिला. वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला, आयपी बदलला, आणि तिचं बटण तिलाच दिसेना. मोबाइल नेटवर तर एकाच आयपीमागे कितीतरी माणसं असतात, म्हणजे तिथं उलटा घोळ, बटण परक्यांनाही दिसणार.

मग बटण नुसतं लपवून पाहिलं. पण लपवलेलं बटण पानासोबत गिऱ्हाइकाच्या ब्राउझरपर्यंत जातंच. ज्याला बघायचंय तो उघडून बघतो.

मग लिंकच्या शेवटी 'टेस्ट' हा शब्द जोडला, की नवं पान उघडायचं. ती लिंक मालकांना दाखवायला पाठवली. मालकांनी कौतुकानं व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. त्या पानावरचं पेमेंट चाचणीचं, त्यामुळे काही ऑर्डरी पैसे न भरताच 'यशस्वी' झाल्या. फोन करून मिटवलं.

(कीबोर्डवरची बोटं, जवळून.)

आता सर्व्हरच, म्हणजे पानं पाठवणारा कॉम्प्युटरच, विचारतो: लॉगिन आहे का, आणि या लॉगिनला अ‍ॅडमिनचे अधिकार आहेत का? उत्तर 'नाही' असेल, तर नवा कोड पानावर जातच नाही. पेमेंटची 'की' म्हणजे साइटला पैसे घेणाऱ्या सेवेशी जोडणारी किल्ली; चाचणीची की आणि खऱ्या पैशाची की वेगवेगळ्या असतात. चाचणीची की याच 'जर'च्या आत ठेवलीय. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, आहे. वर्डप्रेसमध्ये 2020 च्या 5.5 आवृत्तीपासून साइट चाचणीची आहे का खरी, हे नोंदवायची सोय आहे. काहीच नोंदवलं नाही, तर ती खरी साइट धरली जाते. पण ही नोंद सर्व्हरची झाली. समोर बघतंय कोण, ते वेगळं विचारावंच लागतं.

(मालक जिन्यातून वर येताना. हातात फोन, स्क्रीनवर लाल पट्टी.)

हे मात्र शूटिंग चालू असतानाच घडलं.

"पोरी, माझ्या फोनवर हे लाल काय आलंय?"

"काका, दोन मिनिटं थांबा."

चाचणी चालू आहे हे स्वतःला कळावं म्हणून तिनं वर लाल पट्टी लावली होती. 'जर' बरोबर होता. पण साइट वेगानं उघडावी म्हणून तयार पानं साठवणाऱ्या कॅशनं तिचंच पान उचललं आणि सगळ्यांना वाटून टाकलं. तिनं कॅश रिकामी केली. लॉगिन केलेल्यांची पानं साठवायची नाहीत, असा नियम घातला.

(ओळ निवडली जाते. पुसली जाते.)

नमुना पास झाला, की चाचणीचा कोड काढून टाकायचा. यावर ती हट्टी आहे. 1 ऑगस्ट 2012 ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला आणि जुन्या फ्लॅगनं, म्हणजे कोडमधल्या चालू-बंद खुणेनं, तिथला मेलेला कोड जागा केला. 45 मिनिटांत सुमारे 44 कोटी डॉलर गेले.

(लॅपटॉप बंद. मालक फोनवर बोट फिरवताना.)

नवं बटण आता सगळ्यांना दिसतंय. पहिली ऑर्डर मालकांनीच दिली, एक नॅपकिन. खरे पैसे कापले गेले. डिलिव्हरीचा पत्ता, खालचा मजला.