जागा मिळाली, दाखला यायचा आहे

(दृश्य: पुणे, शिवाजीनगर. मुख्य इमारतीची दगडी दर्शनी बाजू, पावसाळी उजेड.)

पुण्यात मुळा आणि मुठा जेथे एकत्र येतात, तेथून हाकेच्या अंतरावर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेची ही दगडी इमारत उभी आहे. तिची पायाभरणी १८६५ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते झाली आणि तिच्यासाठी मोठी देणगी दिली ती मुंबईचे पारशी दानशूर काउसजी जहांगीर रेडीमनी यांनी. संस्था मात्र इमारतीपेक्षा जुनी आहे. सरकारी बांधकामांवर देखरेख करणारी दुय्यम पदांवरची माणसे तयार करायची होती, म्हणून १८५४ मध्ये पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल अशा लांबलचक नावाने येथे वर्ग सुरू झाला. पुढे त्याचे कॉलेज ऑफ सायन्स झाले, १९११ मध्ये कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना, म्हणजेच सीओईपी, झाले आणि २०२२ मध्ये राज्याच्या स्वतंत्र कायद्याने सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ हे सार्वजनिक विद्यापीठ अस्तित्वात आले. नावे बदलत गेली, तरी गावाकडे आजही ‘पोराचा सीओईपीला नंबर लागला’ एवढेच सांगतात आणि ऐकणाऱ्याला तेवढे पुरते.

(दृश्य: विश्वेश्वरय्या यांचे जुने छायाचित्र, त्यानंतर खडकवासला धरणाची भिंत.)

या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी कोणीही सांगू लागले, की पहिले नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे येते. खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेल्या त्यांच्या स्वयंचलित दरवाजांची गोष्ट शाळेतही शिकवली जाते; ते पुण्यात शिकायला आले कसे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला हा मुलगा बंगळुरूत शिकवण्या करून आपला खर्च भागवत होता. १८८१ मध्ये तो बी. ए. झाला आणि म्हैसूर सरकारने त्याला अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊन पुण्याला पाठवले. १८८३ मध्ये एल. सी. ई.च्या, म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीच्या, परीक्षेत तो पहिला आला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाला. या हकिगतीतील क्रम प्रेक्षकांनी लक्षात ठेवावा, असे आम्हांला वाटते. आधी शिष्यवृत्ती ठरली आणि त्यानंतर विद्यार्थ्याने गाव सोडले. आजचा क्रम उलटा आहे आणि या माहितीपटाचा विषय तोच आहे.

(दृश्य: संगणक प्रयोगशाळा. पडद्यावर पसंतीक्रमाचा अर्ज.)

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशाची सुरुवात एमएचटी-सीईटी या परीक्षेने होते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ५० गुण, गणिताचे १००, असा हा २०० गुणांचा हिशेब असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. परीक्षा संगणकावर, अनेक सत्रांत होत असल्यामुळे निकाल गुणांत न देता पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे आपल्या बरोबरीने किंवा मागे राहिलेल्यांच्या टक्केवारीत, दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत दिला जातो. सीओईपीच्या संगणक अभियांत्रिकी शाखेत खुल्या गटातून जागा मिळायची, तर ९९.९च्या वरचे पर्सेंटाइल लागते. म्हणजे तेथे स्पर्धा दशांश चिन्हाच्या पलीकडे चालते.

निकालानंतर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘कॅप’, सुरू होते. विद्यार्थ्याने नोंदणी करायची, कागदपत्रे अपलोड करायची, त्यांची ई-छाननी घरबसल्या किंवा सुविधा केंद्रावर जाऊन करून घ्यायची, गुणवत्ता यादीत आपले नाव आणि प्रवर्ग बरोबर आले आहेत का ते तपासायचे आणि मग पसंतीक्रम भरायचा. पडद्यावर दिसते ती ही यादी आहे. प्रत्येक ओळ म्हणजे एका संस्थेतील एका शाखेचा संकेतांक असतो. ज्या संकेतांकाच्या शेवटी इंग्रजी ‘टी’ असते, ती शिक्षण शुल्क माफीची, म्हणजे टीएफडब्ल्यूएसची जागा. मंजूर प्रवेशक्षमतेच्या पाच टक्के इतक्या या वाढीव जागा असतात आणि त्यांच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा जास्त असून चालत नाही. ज्याला हे एक अक्षर माहीत असते तो त्या ओळी वर घेतो. बाकीच्यांच्या नजरेतून त्या सुटून जातात.

२०२५-२६ या वर्षापासून तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि नियमही कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काहीही मिळाले तरी तेच. पूर्वी बेटरमेंटच्या, म्हणजे अधिक वरच्या पसंतीची जागा मिळण्याच्या, आशेवर पुढच्या फेरीपर्यंत थांबण्याची जी मोकळीक होती, ती आता बरीच कमी झाली आहे. जागा स्वीकारताना एक हजार रुपये ऑनलाइन भरायचे आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संस्थेत प्रत्यक्ष हजर होऊन मूळ कागदपत्रे व शुल्क यांसह प्रवेश निश्चित करायचा. ही मुदत मोजक्या दिवसांची असते. परभणीहून किंवा गडचिरोलीहून पुण्याला येणाऱ्या कुटुंबासाठी त्यातला एक दिवस प्रवासातच जातो.

(दृश्य: तालुक्याच्या गावातील आपले सरकार सेवा केंद्र. बाकावर वडील आणि मुलगा, मुलाच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल.)

या फाइलकडे जरा जवळून पाहू. सर्वांत वर दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र. त्याखाली उत्पन्नाचा दाखला, जो तहसीलदार देतात. शेतकऱ्याच्या बाबतीत त्याआधी तलाठ्याचा, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांचा, अहवाल लागतो. त्याखाली जात प्रमाणपत्र. इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांसाठी नॉन क्रीमी लेयर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्र. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी त्यांचे वेगळे प्रमाणपत्र. आणि सर्वांत खाली, पारदर्शक पिशवीत वेगळी जपून ठेवलेली जात वैधतेच्या अर्जाची पावती. पावती आहे, वैधता प्रमाणपत्र अजून आलेले नाही.

(दृश्य: शाळेचे जुने दाखल-खारज रजिस्टर. ओळीवरून फिरणारे बोट.)

जात वैधता प्रमाणपत्र म्हणजे जात प्रमाणपत्र खरे आहे, याचे जिल्हा जात पडताळणी समितीने दिलेले प्रमाणपत्र. त्यासाठी वडिलांकडील नातेवाइकांचे जुने पुरावे लागतात आणि ते किती जुने असावेत, हेही ठरलेले आहे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचे आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचे. म्हणून २०२०च्या दशकात संगणक अभियांत्रिकीला जाऊ पाहणाऱ्या मुलाची वाट आजोबांच्या जिल्हा परिषद शाळेतील या पानावरून जाते. शाईचा रंग विटकरी झाला आहे, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, आणि ‘जात’ या रकान्यात त्या वेळच्या गुरुजींनी घाईत दोनच अक्षरे लिहिली आहेत. याच पानाची साक्षांकित प्रत, वंशावळीचे शपथपत्र आणि नात्यातील कोणाला आधीच वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत, असा हा संच समितीकडे जातो. शंका आली तर दक्षता पथक गावी येऊन चौकशी करते. अकरावी-बारावी विज्ञानाला असतानाच अर्ज करा, असे प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. पण ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी अकरावी विज्ञानाला गेले आहे, त्या घराला हे रजिस्टर शोधायचे असते हेच मुळी उशिरा कळते.

वैधता मुदतीत आली नाही, तर त्या विद्यार्थ्याचा विचार खुल्या गटातून होतो आणि आरक्षणावर मिळालेली जागा पुढील फेरीत दुसऱ्याकडे जाते. अलीकडच्या काही वर्षांत शासनाने काही प्रवर्गांना मुदतवाढ दिली आहे.

(दृश्य: शुल्क भरणा खिडकी. पावतीवरील रकान्यांचे जवळून चित्रण.)

आता खर्चाकडे येऊ. सार्वजनिक विद्यापीठाचे शुल्क नामवंत खासगी विद्यापीठांच्या तुलनेत बरेच कमी असते, ही गोष्ट खरी आहे आणि ती नीट सांगितली पाहिजे. परंतु शुल्क म्हणजे एक आकडा नसतो. पावतीवर शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, परत मिळणारी अनामत, असे वेगवेगळे रकाने असतात आणि प्रत्येक सवलत त्यांतील ठरावीक रकान्यांनाच लागू होते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याला शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेचा लाभ मिळतो. २०२४-२५पासून, ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. हा निर्णय मोठा आहे. त्याचे श्रेय द्यायला हवे. मात्र मुलगी पुण्यात राहणार कुठे आणि जेवणार काय, हे रकाने त्यात येत नाहीत.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सर्वांत व्यापक आहे. उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर सक्तीचे शुल्क आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळतात; उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपचा, म्हणजे शुल्क माफीचा, मार्ग आहे. केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. २०२१पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न बँक खात्यात जमा होतो आणि तो विद्यार्थ्याने नंतर संस्थेकडे भरायचा असतो. मधली गळती थांबावी, हा त्यामागचा हेतू योग्य आहे. पण ही साखळी पाहा: प्रवेश पक्का झाल्यावर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज, मग संस्थेच्या लिपिकाची छाननी, संस्थाप्रमुखांची मान्यता, विभागाची मान्यता, देयक, आणि त्यानंतर हप्ता. शुल्काचा दिवस या साखळीच्या सुरुवातीला येतो, पैसा शेवटी येतो. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी माफ असलेले शुल्क घेऊ नये, असे शासनाने बजावलेले आहे. तरीही त्या दिवशी पात्रता कागदावर सिद्ध करता आली, तरच त्या आदेशाचा उपयोग होतो. उत्पन्नाचा दाखला देणारे शासन आणि तो मागणारे शासन एकच आहे. या दोघांमधली नेआण मात्र सतरा वर्षांच्या मुलाने करायची असते.

शिष्यवृत्तीची ही मंजुरी प्रवेशाच्या आधीच, पसंतीक्रम भरतानाच मिळणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असे आम्हांला वाटत नाही. छाननीसाठी दिलेले तेच दाखले त्याच हंगामात दुसऱ्या पोर्टलवर पुन्हा चढवले जातात.

(दृश्य: वसतिगृहाची खोली, लोखंडी कॉट, खिडकीत वाळत घातलेले कपडे. मेसची रांग.)

राहण्याजेवण्यासाठी योजना आहेत, पण त्या वेगळ्या विभागांच्या आहेत. नोंदणीकृत मजूर व अल्पभूधारक शेतकरी यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे; तिच्यात मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,०००, असे वर्षाला ६०,००० रुपये धरले आहेत. पुण्यात खोलीचे भाडे भरणाऱ्या कोणालाही वर्षाच्या २०,००० रुपयांचे महिन्याला किती होतात आणि त्यांत शिवाजीनगरात काय मिळते, याचा हिशेब चटकन करता येईल. उरलेल्या रकमेसाठी कर्ज. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना २०२४ मध्ये मंजूर झाली आणि तिच्यात तारण व जामीनदाराशिवाय कर्जाची सोय आहे, तर आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे.

(दृश्य: कार्यशाळा. लेथवर फिरणारा लोखंडी तुकडा, विद्यार्थ्यांचा घोळका.)

येथपर्यंत पोहोचलेल्यांचे पहिले सत्र आता सुरू झाले आहे. कार्यशाळेत कोण कोणत्या प्रवर्गातून, कोणत्या फेरीत, कोणत्या सवलतीवर आला, हे विचारण्याची पद्धत नाही. वर्गाबाहेरच्या फलकावर वेळापत्रकाशेजारी शिष्यवृत्तीची सूचना लागलेली असते: महाडीबीटीचे अर्ज अमुक तारखेपर्यंत भरावेत, आधार बँक खात्याशी जोडलेले असल्याची खात्री करावी, त्रुटी असलेले अर्ज परत पाठवले जातील. दुसऱ्या वर्षी हाच अर्ज नूतनीकरण म्हणून पुन्हा भरायचा असतो. एका वर्षाच्या मुदतीचा उत्पन्नाचा दाखला तोवर ३१ मार्चला संपलेला असतो, आणि नवा काढण्यासाठी पुन्हा तहसील कार्यालय गाठावे लागते.