दंडाच्या आतल्या बाजूचा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

कैरोच्या वस्तुसंग्रहालयात चुनखडीचे दोन पुतळे शेजारी शेजारी बसले आहेत. राजपुत्र राहोतेप आणि त्याची पत्नी नोफ्रेत. १८७१ साली मैदूम इथल्या थडग्यात सापडलेली ही जोडी सुमारे ४,६०० वर्षांपूर्वीची आहे, आणि तिचे रंग अजून शाबूत आहेत. त्याचं अंग तांबूस विटकरी, तिचं फिकट पिवळसर. इजिप्तच्या चित्रकारांचा तो शिरस्ताच होता. क्रीट बेटावरच्या नोसोसच्या भित्तिचित्रांतही पुरुष तांबडे आणि बायका पांढऱ्या दिसतात.

आपल्या अजिंठ्याच्या चित्रकारांनी मात्र असा नियम पाळला नाही. पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या शेजारी उभी असलेली राजस्त्री चांगली सावळी आहे, आणि तिच्या देखणेपणात कणभरही उणेपण नाही. मला ती फार आवडते.

पुरुष उन्हात राबणार, बायका घरात, म्हणून रंगात फरक, असं कुणीही म्हणेल. त्यात तथ्य आहेच. पण ऊन वगळलं तर काय उरतं? हे पाहण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन फारसं पोचत नाही तिथे, एक उपकरण टेकवतात. त्वचेवर पडलेल्या प्रकाशातला किती परत फिरतो, ते उपकरण मोजतं. जगभरच्या बहुतेक समाजांत स्त्रियांचा आकडा पुरुषांपेक्षा थोडा जास्त भरतो, साधारण दोन-तीन टक्क्यांनी; म्हणजे त्यांची त्वचा तेवढी उजळ. काही समाजांत फरक जवळजवळ सापडतच नाही. जिथे सापडतो, तिथे तो वयात येताना ठळक होतो, म्हणजे संप्रेरकांचा त्यात हात आहे. पुरुषांच्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य किंचित जास्त, आणि रक्तात हिमोग्लोबिनही जास्त. त्यामुळे त्यांचा वर्ण थोडा गडद आणि तांबूस दिसतो.

निसर्गानं असं का केलं असावं? नीना जाब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली एक उत्तर मांडलं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना बाईला कॅल्शियम जास्त लागतं. ते पचनी पडायला ड जीवनसत्त्व हवं, आणि ते त्वचेत उन्हामुळे तयार होतं. मेलॅनिन कमी असलं की तेवढ्याच उन्हात ते जास्त बनतं. दुसरं उत्तर त्याहून जुनं: पुरुषांनी पिढ्यान् पिढ्या उजळ जोडीदारीण निवडली, म्हणून हा फरक पडला. या मताची परीक्षा लोरेना मॅड्रिगल आणि विल्यम केली यांनी २००७ साली घेतली. विषुववृत्ताजवळच्या कडक उन्हात गडद त्वचा सगळ्यांनाच लागते; दूर गेलं की आवडीनिवडीला वाव मिळतो. म्हणून ते मत खरं असतं, तर विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा स्त्री-पुरुषांतला फरक वाढायला हवा होता. आकड्यांत तसं काही दिसलं नाही. ड जीवनसत्त्वाचं कारण मला अधिक पटतं, पण तेही अजून अनुमानच आहे.

आता एक करून पाहा. घरातल्या सगळ्या भावंडांचे दंड शेजारी शेजारी ठेवा. सख्ख्या बहिणी-बहिणींत जो फरक दिसेल, तो बहुधा या दोन-तीन टक्क्यांना कुठल्या कुठे मागे टाकेल. इतकी बारीक गोष्ट, आणि तिच्या जोरावर आपण मुलीचं स्थळ नाकारतो! सावळ्या मुलाला रुबाबदार म्हणायचं आणि त्याच रंगाच्या त्याच्या बहिणीसाठी हुंड्याची भाषा करायची, याची मला मनापासून चीड येते.

ही चीड केवळ मानापमानाची नाही, श्रोतेहो. गरोदरपणात संप्रेरकं बदलतात आणि मेलॅनिन वाढतं. बेंबीखाली काळी रेघ उमटते, गालांवर आणि कपाळावर वांग येतात. हे अगदी स्वाभाविक आहे. पण घरात कुणीतरी बोलतं, आणि ती बिचारी औषधाच्या दुकानातून 'रंग उजळणारी' ट्यूब आणते. अशा कित्येक ट्यूबांत स्टिरॉइड असतं. आठ-पंधरा दिवस चेहरा छान दिसतो, म्हणून ती लावतच राहते. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, नको तिथे लव वाढते, आणि ट्यूब थांबवली की आग आग होते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी चौदा स्टिरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती मिळतात.

तेव्हा ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ते स्टिरॉइड आहे. ते मनानं चेहऱ्याला लावू नका. बरेच दिवस लावत असाल, तर परस्पर बंदही करू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बाळंतपणानंतर काही महिन्यांत वांग पुष्कळजणींचे आपोआप फिके पडतात. तोवर उन्हात जाताना चेहरा झाका, आणि गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

नमस्कार.